बचाता, वारजे आणि इक्बाल

फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये, हिंजवडीच्या गर्दीत अडकलेलो होतो. इक्बालचा धाकटा भाऊ म्हणाला, "दत्ताभाऊ, भाई गेला... सकाळी छातीत दुखलं आणि..." मी वेड्यासारखा म्हणालो, "अरे, परवा रविवारी तर नाचत होता!" जणू नाचणाऱ्याला मरायची परवानगीच नसते.

महिना उलटून गेलाय, पण इक्बाल आठवला की रडू यायच्या आधी पायच हलायला लागतात. त्याला मी काय करू?

आमची ओळख ऑफिसातली. त्याचं घर नारायण पेठेत, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि बोलणं असं की समोरच्याला बसलेला चिमटा चहा संपल्यावर कळायचा. कामानिमित्त परगावी राहून तो बचाता नावाचा जोडीनं करायचा नाच शिकून आला आणि झपाटल्यासारखा सांगत सुटला... कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशात, गरिबांच्या अंगणांत आणि गुत्त्यांत गिटारवर हा नाच जन्मला. प्रतिष्ठित लोक नाकं मुरडायचे, रेडिओवाले ती गाणी टाळायचे. पोटासाठी न्यूयॉर्कला गेलेल्यांनी ती सोबत नेली आणि तिथून ती जगभरच्या क्लबांत पोचली. "दत्ता, ज्याला गुत्त्यातलं म्हणून हिणवलं त्यावर आज जग कंबर हलवतंय! वारज्यानंच काय पाप केलंय?"

वारजे म्हणजे पुण्याला चिकटलेलं आमचं गाव, आणि इक्बालच्या लेखी तिथलं आमच्या इमारतीचं पार्किंग. शेत गेलं, इमारत आली, तळमजल्यावर राज्य आईचं. इक्बालनं तिला समजावलं की यात एक जण पुढाकार घेतो, दुसरा साथ देतो आणि गाणं संपलं की आभार मानून जोडी बदलायची.

"म्हंजी हात धरत्यात आन् गानं संपलं की सोडत्यात?"

"हो, काकू."

"मग बरं हाय की!"

झालं! दर रविवारी संध्याकाळी गाड्या रस्त्यावर आणि आम्ही आत. तीन पावलं बाजूला, चौथ्या ठोक्याला कंबरेचा झटका, मग तेच उलट्या दिशेला. पण मी जोडीदारणीला बैल वळवावा तसा वळवायचो. शेवटी इक्बालनं सगळ्यांदेखत माझाच हात धरला. "आता तू साथ दे." वळवण्याआधी त्याची बोटं माझ्या पाठीवर हलकेच टेकली आणि तो थांबला. मी आपणहून वळलो. "कळलं? विचारायचं असतं. ओढायचंच असेल तर हातगाडी घे." त्या दिवशी मला नाच कळला, आणि खरं सांगायचं तर संसारही थोडा कळला.

जोड्या बदलत, पण शेवटचं गाणं नेहमी इक्बाल आणि मंजिरीचं. मंजिरी आमच्याच ऑफिसातली. तिचं घर वेगळं, संसार वेगळा, पण त्यांचा नाच सुरू झाला की आम्ही सगळे भान हरपून बघत राहायचो! दफनानंतर मात्र ती कब्रस्तानाच्या गेटबाहेर एकटीच उभी होती. घरची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. नाचातल्या जोडीदारणीनं कुठल्या नात्यानं रडायचं? जाताना ती एवढंच म्हणाली, "माझं नाचणं संपलं रे, दत्ता." इक्बाल गेला होताच, आता त्याच्या पाठोपाठ तिचा नाचही जाणार, याचीच मला धास्ती बसली. त्या दोघांविना रविवार नकोच वाटला, म्हणून मी पार्किंगला कुलूप लावलं.

मागच्या रविवारी आई म्हणाली, "उघड बाबा. लोकं फाटकापासून माघारी जात्यात." उघडलं. थोड्या वेळानं मंजिरी आली आणि भिंतीशी उभी राहिली. गाणं लागलं, पण तिला विचारायचं धाडस कुणालाच होईना... मलाही नाही. मग तीच तडक माझ्यासमोर आली. "खांबासारखा काय उभा आहेस? साथ दे."

तिनं आजवर कधीच पुढाकार घेतला नव्हता. पहिली पावलं अडखळत पडली. मग पाठीवर बोटं हलकेच टेकली आणि ती थांबली. हुबेहूब इक्बाल! इतकी वर्षं त्याचं विचारणं ऐकलेल्या तिला आता तसंच विचारताही येत होतं. मी वळलो. मंजिरी हमसून रडत होती, आणि तिचा ठेका एकदाही चुकला नाही.