बाबांचा गच्चीवरचा फोन

मुलगा बारावीत गेला आणि आमच्या घरातलं वायफाय बंद झालं. बडोद्यात बोर्डाचं वर्ष एकट्या मुलाचं नसतं, अख्ख्या घराचं असतं. कुणी टीव्हीची केबल काढतं, कुणी लग्नाकार्यांना जाणं सोडतं. आम्ही राउटर काढून माळ्यावर टाकला. निर्णय नवऱ्याचा, होकार माझा. सासऱ्यांना विचारलं तर तेही म्हणाले, "पोराचं वर्ष आहे, काढून टाका." त्यात त्यांचं काय जाणार आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

माझे सासरे, म्हणजे बाबा, जवळजवळ ठार बहिरे आहेत. नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात त्यांची सगळी नोकरी कॉम्प्रेसरच्या खोलीत झाली. तिथल्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे, सगळे एकमेकांचे ओठ वाचत. त्यामुळे आपले कान गेलेत हे बाबांना बरीच वर्षं कळलंच नाही. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषा ते ओठांवरून वाचतात. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, पण त्यात शिट्ट्या वाजतात म्हणून ते डबीत जाऊन बसलं.

अशा माणसाला साधा फोन काय कामाचा? त्यांची थोरली बहीण मिरजेला असते. ते तिला अक्का म्हणतात, मी आत्या म्हणते. भावंडांत आता ही दोघंच उरली आहेत. वायफाय होतं तोवर रोज संध्याकाळी आत्या व्हिडिओवर यायच्या, फोन एखाद्या डब्याला टेकवून समोर बसायच्या, सावकाश बोलायच्या आणि बाबा वाचायचे. हे सगळं इतकं आपोआप चालायचं की मला त्याची खबरही नसायची. ते बंद झालं आणि ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

आम्ही गोत्रीतल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. घरात माझ्या फोनवर आवाज येतो, चित्र येत नाही. चित्र हवं तर गच्चीवर जायचं. तीन मजले, लिफ्ट नाही. नवऱ्याची रविवारी पहिली पाळी, आणि मुलाला पुस्तकावरून उठवायचं नाही. मग राहिलं कोण? एका हातात प्लॅस्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात बाबांचं कोपर, खांद्याला टोपी आणि पाण्याची बाटली असलेली पिशवी. प्रत्येक मजल्यावर खुर्ची मांडायची, बाबांनी बसायचं, आणि मग वरात पुढे निघायची. आठवडाभर शाळेच्या कचेरीत मान मोडून काम केल्यावर रविवारी सकाळी हे. मला कंटाळा यायचा, स्पष्टच सांगते. शनिवार संपत आला की अंग जड व्हायला लागायचं.

आणि इतकं करून गच्चीवर तरी काय? रविवारी सगळं गाव फोनवर. जरा वेळ बरं चालायचं, मग आत्यांचा चेहरा तोंड उघडं ठेवून जागच्या जागी अडकायचा. आवाज मात्र येत राहायचा. तो मला ऐकू यायचा, बाबांना नाही. ते माझ्याकडे बघायचे. मग मी त्यांच्यासमोर उकिडवी बसून आत्यांचं वाक्य माझ्या ओठांनी म्हणायची. आवाज काढत नसे. काढला की पलीकडे आत्या गोंधळायच्या. अशी दर रविवारी मी बाबांची बहीण व्हायची.

बाबांचं उत्तर मात्र खड्या आवाजात. एकदा शेजारच्या मासी मिरच्या वाळत घालत होत्या आणि आत्यांनी विचारलं, "सून वेळेवर जेवायला घालते का रे?" चित्र नेमकं तेव्हाच अडकलेलं. आता हा प्रश्न मीच माझ्या तोंडाने विचारायचा! विचारला. बाबा गरजले, "घालते, पण भाजीत मीठ नसतं!" मासी हसून म्हणाल्या, "काका साचुं बोले छे." काका खरं बोलतात म्हणे! नवऱ्याचं ब्लडप्रेशर आणि बोलणी मला, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला हळूच म्हटलं, राउटर परत लावू या. तो म्हणाला, "मार्चपर्यंत धीर धर." बाबा समोरच बसले होते. त्यांच्यासमोर हळू बोलून उपयोग नसतो, हे आम्ही अजूनही विसरतो. ते लगेच म्हणाले, "अजिबात लावायचं नाही. पोराचं वर्ष वाया जाईल." विषय संपला.

उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, झाल्यानंतरच्या रविवारी माझी कंबर धरली होती. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची मांडली आणि मीच तिच्यात बसले. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. गच्चीवर मांज्याचे गुंते पडले होते, ते पायाने बाजूला करत आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. फोन लागला आणि चित्र लगेच अडकलं. आत्यांनी विचारलं, "जिना झेपतो का रे तुला?" मी ओठांनी विचारलं.

"झेपतो," बाबा म्हणाले. "पण अक्का, हे आता बंद करू. ही दमते. आठवडाभर नोकरी, घरचं सगळं, आणि वर रविवारी माझी हमाली. मी असं बोललो हे तिला सांगू नकोस."

हे ते माझ्याच तोंडाकडे बघत म्हणाले. समोर मी आहे हे विसरले होते, की मलाच सांगत होते, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. ऐकून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. खरं म्हणजे मला आधी सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी उशिरापर्यंत झोपायचं, हेच पहिलं मनात आलं.

आत्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. बंद कर. सुनेला त्रास नको. मी पिकलं पान, माझं काय एवढं. सुखात राहा."

बाबा मान पुढे काढून वाट बघत होते. बंद करू म्हणताना आवाज घट्ट होता, पण आता नजर माझ्या ओठांवरून हलत नव्हती. आत्यांचं बोलणं एवढंच होतं. ते जसंच्या तसं म्हटलं असतं तर माझे रविवार मला परत मिळाले असते, आणि कुणी मला बोल लावला नसता.

मी ओठ हलवले, "बंद करायचं नाही. तू दिसला नाहीस तर मला करमत नाही. पुढच्या रविवारी ये."

बाबांनी मोठा श्वास सोडला. "बरं बरं, येतो. तू म्हणतेस तर येतो," ते ओरडले. "लहानपणापासून हट्टी!"

पलीकडे आत्यांनी बाबांचं उत्तर ऐकलं होतं. मी फोन कानाला लावला. आत्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय सांगितलंस गं त्याला?"

बाबांना ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंड फिरवलं. "तुम्ही नाही म्हणालात, असं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला तेच म्हणायचं होतं बाई. जीभ रेटली नाही."

मागून बाबा विचारत होते, "काय म्हणते अक्का?"

मी कंबर धरून परत त्यांच्यासमोर बसले. "तेच," मी म्हणाले. "ये म्हणतात."