नऊच लिहा, सर

दैवशालाबद्दल मी चांगलं लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. माझी बायको भावना म्हणते, "तुमच्या पोटात दुखतं, दुसरं काही न्हाई." भावना शाळेत शिकवते, त्यामुळे चूक दाखवल्याशिवाय तिला करमत नाही. पण हे तिचं बरोबर आहे. माझ्या पोटात दुखतं, आणि गेली दोन वर्षं दुखतंय.

आधी माझं सांगतो, कारण माझं कोणी विचारत नाही. मी राजानंद, राहणार मस्तगड, जालना. शिक्षण एम.एस.डब्ल्यू. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत अकरा वर्षं क्षेत्र पर्यवेक्षक. दुष्काळ, गारपीट, पूर यांच्यासाठी मदतीचा पैसा आधीच कसा बाजूला ठेवावा आणि कोणती खूण दिसली की तो सोडावा, हे अभ्यासून देणगीदारांना सांगायचं, हे आमचं काम. तहान लागल्यावर विहीर खणू नये, एवढंच खरं तर. पण तेवढं सांगितल्यावर कोणी फी देत नाही, म्हणून आमच्या प्रीती मॅडम त्याची एकशे चाळीस पानं करतात. त्यातली निम्मी माझ्या आकड्यांवर उभी असतात.

दोन वर्षांपूर्वी एका ट्रस्टने आम्हाला परतूर आणि अंबड तालुक्यांतलं काम दिलं. मेंढपाळ आणि कोरडवाहू मिळून तीनशे कुटुंबं. दुष्काळ येतोय असं दिसलं की तो यायच्या आत त्यांच्या दारात चारा आणि खात्यात पैसे पोचवायचे. प्रश्न एकच, दुष्काळ येतोय हे दिसणार कशावरून? जो ही खूण शोधेल तो पुढची तीन वर्षं क्षेत्र समन्वयक होणार, असं मॅडम तोंडाने बोलल्या नव्हत्या. पण इतक्या वर्षांत मी त्यांचं न बोललेलंही ऐकायला शिकलो होतो. ते पद माझंच होतं. मी घरी तसं सांगूनही टाकलं होतं.

माहिती गोळा करायला चार जण रोजंदारीवर घेतले, त्यांत ही दैवशाला. वाटूरजवळच्या एका वस्तीवरची. तिची मुलाखत मीच घेतली, म्हणजे पायावर धोंडा मीच पाडून घेतला. तिशीची बाई, डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी. बापाची मेंढरं होती, त्यामुळे लहानपण वाटेवर गेलेलं आणि शाळा तीन गावांत तुकड्यातुकड्यांनी झालेली. लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावी केली. नवरा मच्छिंद्र जालन्याच्या सळईच्या कारखान्यात कामाला, आठवड्याला घरी यायचा. वस्तीवर ती, दोन लेकरं, सासू आसराबाई आणि चाळीसेक मेंढरं.

"टॅबलेट चालवता येतो का?" मी विचारलं.

"न्हाई सर. पन मेंढरू हरपलं तर हुडकता येतं."

मला हसू आलं आणि मी तिचं नाव यादीत घातलं. ते हसू मला फार महाग पडलं.

टॅबलेट ती चार दिवसांत शिकली. त्याचंही मी मनाला लावून घेतलं नसतं. पण गावात गेल्यावर लोक मला "या साहेब" म्हणत, खुर्ची देत आणि प्रश्नावलीत असेल तेवढंच सांगत. तिला खुर्ची कोणी देत नसे. तिला चुलीपाशी बसवत, आणि प्रश्नावलीत नव्हतं तेही सांगत. मला मिळायचा काळा चहा, तिला दुधाचा. एकदा तर एका म्हातारीने माझ्यासमोर तिला विचारलं, "हा मानूस तुज्या हाताखाली हाय का गं?" दैवशाला म्हणाली, "न्हाई मावशे, मी सरांच्या हाताखाली." म्हातारीला ते पटलेलं दिसलं नाही.

माझी खूण तयार होती. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर सलग एकवीस दिवस पाऊस नाही, की मदत सोडायची. स्वच्छ, मोजता येणारी, संगणकावर बसणारी खूण. आणि दैवशालाने काय आणलं? मेंढी. ती म्हणे, अंबडच्या आठवडी बाजारात मेंढपाळ नर विकतो, म्हातारी मेंढी विकतो, पण गाभण मेंढी विकत नाही. ती विकली म्हणजे पुढचं वर्ष विकलं. गाभण मेंढ्या बाजारात दिसायला लागल्या की समजायचं, घरांनी हाय खाल्ली. पाऊस गेल्याचं कागदावर यायच्या आधी ते तिथं दिसतं.

प्रीती मॅडमनी हे फोनवर ऐकलं आणि तिला म्हणाल्या, "दैवशाला, हे फार मोलाचं आहे." इतक्या वर्षांत माझं काही मोलाचं निघालं नव्हतं. माझं जे असायचं ते "वेळेवर" असायचं.

तिची खूण खोटी पाडायची असं मी त्या दिवशी ठरवलं. भावनाला सांगितलं की पडताळणीला चाललोय. कार्तिक महिना होता, पाऊस भरपूर झालेला, सगळीकडे हिरवंगार. मी अंबडच्या बाजारात उभा राहून तीस मेंढ्यांची चौकशी केली. विकणाऱ्यांनी एकोणीस गाभण असल्याचं सांगितलं. भरल्या वर्षात एकोणीस. मी परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला केळी खाऊ घातली, एवढा खूश होतो.

जालन्याच्या एका हॉटेलात ट्रस्टच्या लोकांसमोर बैठक झाली. मी पडद्यावर तो एकोणीसचा आकडा लाल रंगात दाखवला आणि खाली बसलो. सगळे दैवशालाकडे बघायला लागले. ती उठली.

"सर, गाभण हाय हे तुम्हाला कोन सांगितलं?"

"विकणाऱ्यांनीच."

"व्यापाऱ्यांनी, बराबर? व्यापारी तर समद्याच गाभण सांगतो, त्यानं भाव चढतो." ती अगदी हळू बोलत होती, मला लागू नये अशा बेताने, आणि तेच जास्त लागत होतं. "ज्याच्यावर खरी येळ आली तो भावाचं बोलतच न्हाई. मेंढी हातात देतो आन म्हनतो, खाटकाला देऊ नका. मी तेवढंच मोजून राह्यले."

तिने पिशवीतून वही काढली. सात महिन्यांचे सगळे बाजार लिहिलेले होते. त्या कार्तिकातल्या बाजारापुढे फक्त एक लिहिली होती. ऑगस्टात पावसाने ओढ दिली होती, तिथे एका बाजारापुढे चौदा लिहिले होते. माझ्या एकवीस दिवसांच्या नियमाला तोच धोका बारा दिवस उशिरा दिसला होता. ट्रस्टच्या माणसाने वही हातात घेतली, आणि तो ती परत द्यायलाच तयार नव्हता.

एका बाजारात अशा दहा मेंढ्या दिसल्या की तीन दिवसांत मदत सोडायची, असा नियम झाला. क्षेत्र समन्वयक झाली दैवशाला. माझ्याकडे "अहवाल आणि पडताळणी" आलं. म्हणजे ती बाजारात मोजणार, मला फोन करणार, आणि मी ते पुण्याला लिहून पाठवणार. घरी मी सांगितलं की मला बढती मिळाली. भावनाने पगार विचारला आणि मग काही विचारलं नाही.

मी एक गोष्ट केली. नियमावलीत एक कलम घालायला लावलं, की कर्मचाऱ्याच्या घरची मेंढी मोजणीत धरू नये. दिसायला कलम अगदी सोज्वळ होतं. मॅडमनी त्याखाली एक ओळ वाढवली, की अशा वेळी शंका वाटली तर पडताळणी अधिकाऱ्याने पुण्याला फोन करावा, निर्णय त्या घेतील. नियमावली इंग्रजीत होती. दैवशालाला मी पहिलं कलम मराठीत सांगितलं, खालची ओळ सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी सांगितली नाही.

यंदा भादव्यात पावसाने पुन्हा दडी मारली. बाजारात आधी तीन, मग सहा असे आकडे यायला लागले. त्या पुढच्या बाजारच्या दिवशी दुपारी दोनला मी मस्तगडला घरी जेवून उठलो होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ होता. मी घरीच असल्याचं तिला सांगितलं.

"सर, लिहून घ्या. नऊ."

"दहा नाहीत?"

 "दहा झाल्यात. पन दहावी आमच्या घरची हाय. सासूबाई मला न सांगता घेऊन आल्त्या. इथं आल्यावर दिसल्या." मग म्हणाली, "नियमात बसत न्हाई ना सर. नऊच लिहा."

फोन ठेवून मी मेल उघडला. आसराबाईंनी सुनेचा पगार असताना गाभण मेंढी विकायला काढली होती. याहून मोठी खूण कोणती हवी? मॅडमना एक फोन केला असता तर त्या हो म्हणाल्या असत्या, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. मदत सुटली असती. आणि पुण्याच्या अहवालात लिहिलं गेलं असतं की दैवशालाची खूण पहिल्याच परीक्षेत खरी ठरली.

मी नऊ लिहिले आणि मेल पाठवला. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या बाजारात एकतीस होत्या. तिसऱ्या दिवशी तीनशे दारांत चारा उतरला. पण तोवर त्या एकतीस गेल्या होत्या, आणि मोजणीबाहेरची आसराबाईंची दुसरीही त्यांच्याबरोबर गेली होती. दैवशालाच्या घराला मदत मिळणारच नव्हती, ती कर्मचारी.

महिनाभराने प्रीती मॅडम आढावा घ्यायला आल्या. वाटूरच्या शाळेत आम्ही तिघं बाकांवर बसलो होतो. दैवशाला एकेक बाजार सांगत होती. नऊच्या आकड्यापाशी आल्यावर तिने दहाव्या मेंढीचं सगळं सांगितलं, स्वतःच, कोणी न विचारता. "सरांनी मला मागंच नियम समजावून सांगितल्ता," ती म्हणाली. "म्हनून मीच नऊ लिहा म्हनलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. "पण मग मला फोन का नाही केलास, राजानंद? ती ओळ त्यासाठीच तर घातली होती. एक आठवडा वाचला असता."

दैवशालाला त्या ओळीबद्दल तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं.

"केला होता मॅडम," मी म्हणालो. "लागला नाही. त्या दिवशी रेंज नव्हती."

खोटं बोलून झाल्यावर मला आठवलं की त्याच दुपारी तिचा फोन मला लागला होता, आणि मी घरीच असल्याचंही तिला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. बहुतेक तिला त्या बाजारात गेलेल्या मेंढ्या आठवत असाव्यात, त्यांत सासूबाईंची दुसरी. एक शब्द बोलली असती तर माझी अकरा वर्षं त्या बाकावर संपली असती, आणि मी तिच्या जागी असतो तर तो शब्द नक्की बोललो असतो.

"हां मॅडम," दैवशाला म्हणाली. "त्या दिशी रेंजचं लई अवघड होतं."

मॅडमनी मान हलवली आणि वहीत पुढचा बाजार लिहायला घेतला. दैवशाला आकडे सांगत राहिली, मी ऐकत राहिलो. ती समन्वयक झाली तेव्हाही मला तिचा इतका हेवा वाटला नव्हता.