पावण्यांच्या बाकामागे

"मास्तर, अप्पा गेले," शिवानं फोनवर सांगितलं, आणि खरं सांगतो, दुःख व्हायच्या आधी मी खुर्चीत सावरून ताठ बसलो. शिवा हा मल्लूअण्णांचा मुलगा आणि माझा जुना विद्यार्थी. मल्लूअण्णांचं नाव निघालं की माझी पाठ आपोआप सरळ व्हायची, ती सवय काही माणसाबरोबर गेली नाही. त्यांच्या घरी पोचलो तर लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अण्णांना बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, मान ताठ. जिवंतपणी गुळाच्या सौद्याला बसायचे तसेच. हार घालायला वाकलो आणि घाईत हार गळ्याऐवजी त्यांच्या एका कानात अडकला. आता हे डोळे उघडणार आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं विचारणार, "मास्तर, डोळं हायत का बटणं?" मागून तालमीतला एक म्हातारा पैलवान हळूच म्हणाला, "घाबरू नगा मास्तर, आता काय बोलत न्हाईत." रडणाऱ्या दोघा-तिघांना हसू आवरेना. मला मात्र खात्री वाटत नव्हती…

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अण्णांची माझी गाठ पडली ती बेसबॉलमुळे. कुस्ती आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापुरात हा खेळ नव्वदच्या दशकात आमच्या शाळेत आला, तोही एका पोत्यातून. पोत्यात बॅटी, हातमोजे, दोन मोठी हेल्मेटं. खेळाचे सर बदलून गेलेले. हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांकडे पाहिलं, मी नेमका त्याच वेळी हसत होतो, म्हणून मला उन्हाळी शिबिराला धाडलं. मराठीचा मास्तर गेला आणि अंपायर होऊन परत आला. दुसरा अंपायर जवळपास नव्हताच, त्यामुळं आमच्या शाळेची मॅच असली तरी निकाल द्यायला मीच. आपल्या पोरांविरुद्ध निकाल दिला की आमचे पालक चवताळायचे, बाजूनं दिला की पाहुणे. बघायला येणाऱ्यांना नियमांची फारशी ओळख नव्हती. बॉल मारून बॅटर बॅट टाकून पळाला की लोक ओरडायचे, "आरं पळून चाललंय बघ, हत्यार टाकून!"

आणि माझ्या पाठीमागं, जाळीला नाक लावून, गुळाच्या पोत्यावर मांडी घालून मल्लूअण्णा. गुळाचे अडत व्यापारी. त्यांचा आवाज सौद्यात घडलेला. शंभर माणसांच्या गलक्यातून वर निघणारा. शिवा आमच्या संघाचा कॅचर, म्हणजे बॅटरमागं बॉल झेलायला माझ्या पुढ्यात बसणारा. त्यामुळं मुलाला दिलेला प्रत्येक सल्ला माझ्या कानातून आरपार जायचा. एकदा समोरचा पोरगा धाव पुरी करायला घसरत होम प्लेटकडे आला. बॉल कुठंतरी लांब पडलेला. पण शिवा सकाळी तालमीत जाणारा गडी. त्यानं आलेल्या पोराची कंबर धरली, उचलला, आपटला आणि छातीवर बसला. मैदानात एकच जल्लोष! फेटा उडाला, हलगी कडाडली. मी हात पसरून 'सेफ', म्हणजे नाबाद, म्हणालो. अण्णा जाळी हलवत उठले. "सेफ? पाठ लागली की त्येची! दोन्ही खांदं टेकलं! पंच हायसा का कोण?" मी म्हणालो, "अण्णा, यात पाठ लागून चालत नाही, बॉल लागावा लागतो." अण्णा म्हणाले, "मग आधी सांगायचं हुतं पोराला!" सगळं मैदान त्यांच्या बाजूचं. शेवटी ज्याची पाठ लागली होती तो पाहुणा पोरगाच अंग झटकत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर, मस्त डाव हुता."

हे हसण्यावारी जायचं. पण एक गोष्ट जायची नाही. पाहुण्यांचा पिचर बॉल टाकायला उभा राहिला की अण्णा एक हात वर करायचे आणि सगळी गर्दी एकसुरात सुरू व्हायची : "हात पडला! हात पडला!" हलगी, पत्र्याचे डबे, शिट्ट्या. उद्देश एकच, त्या पोराचा हात थरथरला पाहिजे. फुटबॉलच्या मैदानावर हेच चालतं, मग इथं का नको, असा साधा हिशोब. मी हात वर करून गप्प राहायला सांगितलं की हलगीवाल्याला ती दाद वाटायची.

मग नेसरीचा संघ आला. एस.टी.नं आलेली, बुजलेली पोरं. त्यांचा पिचर दत्ता हडकुळा, कॉलरचं बटण लावलेला. पण टाकायला लागला की बॉल दिसायचा नाही. आमचे गडी एकामागून एक माघारी येऊ लागले. जसजसे ते परत येत होते तसतशी गर्दी चढत होती. अटीतटीच्या वेळेला शिवा बॅट घेऊन आला. डोक्यावर ते सैल हेल्मेट. अण्णा उभे राहिले, दोन्ही हात वर, आणि असा गदारोळ उठला की माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येईना. दत्ताच्या हाताला सुटलेला कंप मला इतक्या लांबून दिसला. त्यानं हात पुसला, पुन्हा पुसला… आणि टाकला.

बॉल शिवाच्या कानाजवळ लागला. हेल्मेट एकीकडे, शिवा एकीकडे. हलगी अर्ध्या ठोक्यावर थांबली. मी गुडघ्यांवर बसलो, त्याला हाका मारल्या. डोळे अर्धवट उघडे, पण बघत कुठंच नव्हते. आणि मग मला दुसरा आवाज आला, मैदानाभोवतीची दोरी तुटल्याचा. तालमीची पोरं मैदानात शिरली होती. दोघांच्या हातात बॅटी. दत्ता बॉल टाकायच्या उंचवट्यावर एकटाच उभा. पळायचं असतं हेही त्याला सुचलं नव्हतं. त्याच वेळी जाळीचं दार उघडून अण्णा आत आले. शिवापाशी थांबले, एकदा खाली पाहिलं आणि त्याला ओलांडून दत्ताकडे चालायला लागले. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना घाबरलोय. पण त्या पाठमोऱ्या धोतराला घाबरलो तसा कशालाच नाही. तोंडातून "अण्णा, नको" असं निघालं असावं. निदान तसा प्रयत्न केला.

सगळ्यांच्या आधी अण्णा पोचले. त्यांचा हात वर गेला. तो तिथंच राहिला… आणि मग त्याच हातानं त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दत्ताच्या कमरेभोवती गुंडाळला. भीतीनं त्या पोराची चड्डी भिजली होती. ती गर्दीला दिसायच्या आत झाकली गेली. मग त्याचं मनगट धरून अण्णा वळले आणि बॅटी घेऊन आलेल्या पोरांना म्हणाले, "म्होरं या. कोण येतंय बघू." कुणी आलं नाही. तसंच मनगट धरून त्यांनी दत्ताला शिवापाशी आणलं, शिवाला फळीवर घेतलं, गुळाच्या टेम्पोत चढवलं, आणि टेम्पोत बसतानाही ते मनगट सोडलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं : अण्णा, दत्ता आणि मी. आत शिवाला उलट्या होत होत्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. फाटकाबाहेर तालमीची पोरं जमली होती. त्यांची कुजबुज आतपर्यंत यायची. अण्णा गप्प. इतकी वर्षं त्यांच्या ओरडण्याला घाबरणारा मी, त्या दिवशी त्यांच्या गप्प बसण्यानं अर्धमेला झालो. दत्ताचे सर त्याला न्यायला आले, परतीची एस.टी. सुटायला आली होती. अण्णा म्हणाले, "न्या की. पर जरा थांबा." आणि मनगट काही सुटेना. पोराची बोटं पांढरी पडली होती, पण त्यानंही हात ओढून घेतला नाही. मी मात्र दोन गोष्टींना घाबरत होतो. आत शिवाला काही झालं तर… आणि झालं, तर हा हात काय करेल.

दिवेलागणीला शिवानं डोळे उघडले. मला आत बोलावलं. तो पुटपुटला, "मास्तर, मला बेस मिळाला न्हवं?" बॉल अंगावर लागला की बॅटरला पहिला बेस मिळतो, हा नियम मीच त्यांना शिकवलेला. मी म्हणालो, "मिळाला रे बाबा, मिळाला." बाहेर येऊन अण्णांना सांगितलं, तेव्हा ती मूठ उघडली. दत्ताच्या मनगटावर बोटांचे वळ उमटले होते. शिवाला त्या कानानं पुढं कमी ऐकू येत राहिलं. बाकी तो धडधाकट राहिला.

थोड्या दिवसांनी अण्णा मला जीपमध्ये घालून नेसरीला निघाले. कशाला, ते विचारायची माझी हिंमत नव्हती. वाटेत ते आपण होऊनच बोलायला लागले. "मारायलाच निघालतो, मास्तर. हात उचलला बी हुता. तवर त्येची चड्डी दिसली. माझ्या शिवाचीच वाटली, लहानपणची." मग म्हणाले, "लोक म्हणत्यात, अण्णानं पोराला वाचिवलं. कशाचं वाचिवलं? मनगट धरलं ते माझाच हात मोकळा ऱ्हाऊ ने म्हणून. आत शिवाचं काय झालं आसतं तर… सोडा." ते सोडून द्यायला सांगत होते, मला आजही सुटलेलं नाही.

नेसरीत दत्ताच्या वडिलांनी अण्णांना येताना पाहिलं आणि काय समजायचं ते समजले. "पोरगं गावाला गेलंय," ते अंगणातच म्हणाले. त्याच वेळी गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला. "म्हस खोकतीया," ते म्हणाले. अण्णा शक्य तेवढ्या हळू, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "म्हशीला म्हणावं, भाईर ये. म्या काय करत न्हाय." दत्ता बाहेर आला, केसात कडब्याच्या काड्या. अण्णांनी खिशातून बेसबॉलचा नवा बॉल काढून पुढं केला. "घे, तम्मा. टाक एकदा. मास्तर झेलत्यात." कानडीत धाकट्या भावाला हाक मारावी तसं ते 'तम्मा' म्हणाले, आणि मी झेलायला मागं सरकलो. पण पोरानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नगं, अण्णा. हात उठत न्हाय." अण्णांनी बाबापुता केलं, दरडावलं, चहा घेऊन पुन्हा विचारलं. तो नाहीच म्हणाला. पुढं तो कधीच खेळला नाही. परतताना घाटात अण्णा एवढंच बोलले, "बॉलनं न्हाय गेला त्येचा हात. आमच्या बोंबलण्यानं गेला."

पुढची मॅच पेठ वडगावच्या शाळेशी. मी मैदानात आलो तर माझ्यामागची जाळी मोकळी. अण्णा बगलेत पोतं मारून मैदान ओलांडत होते. ते पावण्यांच्या बाकामागे गेले, पोतं अंथरलं आणि बसले. वडगावची पोरं बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. त्यांचा पिचर उभा राहिला तशी मागून गर्जना झाली, "टाक, तम्मा! भिऊ नगंस! म्या हाय मागं!" पोराच्या हातातून बॉलच पडला. इकडून आमचे लोक ओरडले, "अण्णा फुटलं! पावण्यांनी जेवाय घातलं काय?" अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, "तुमच्या पोरास्नी तुम्ही हायसा. हेंच्यामागं कोण हाय?" पुढच्या मॅचला हलगीवाला तिकडं गेला. अण्णांच्या इशाऱ्याशिवाय त्याला वाजवता यायचं नाही, एवढंच कारण. मग डबे आणणाऱ्या दोन आया गेल्या. मग जो तो जाऊ लागला.

परवा, अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच मी मॅच बघायला गेलो. आता अंपायर तरुण आहेत, मी नुसता प्रेक्षक. आमच्या शाळेचे पालक डबे, सतरंज्या घेऊन आले आणि सरळ मैदान ओलांडून पावण्यांच्या बाकामागे जाऊन बसले. त्यातल्या निम्म्यांनी अण्णांना पाहिलेलंही नाही. एकाला विचारलं, तर म्हणाला, "हितं आसंच बसायचं आस्तंय, पावणं." मला, पावणं! माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा मुलगा बॅट घेऊन उभा राहिला. वारणानगरच्या पिचरनं टाकलेला बॉल त्याच्या हेल्मेटला वारा घालून गेला. बाई अर्ध्या उठल्या. मूठ सतरंजीत रुतलेली. वारणेच्या पोराचाही चेहरा उतरला. तो पुढं यावं की मागं जावं अशा विचारात. बाई खाली बसल्या आणि त्याला ओरडून म्हणाल्या, "टाक रं बाळा, भिऊ नगंस, आम्ही हाय मागं." लांबच्यांना त्यांचा आवाज खणखणीत ऐकू गेला असेल. मी शेजारी होतो म्हणून मला कळलं की तो कापत होता. अण्णांचाही तसाच कापायचा का, ते मला सांगता येणार नाही. पावण्यांच्या बाकामागे त्यांच्या इतक्या जवळ बसायची माझी कधी छातीच झाली नाही…