फुटबॉलच्या आतला कपडा

पांडूदादा चालत्या यंत्रमागासमोर कधी उभा राहत नसे. भिंतीला पाठ लावून उभा राही आणि नव्या कारागिरांनाही दंडाला धरून तिथेच ओढी. तरुणपणी मागातून उडालेल्या लाकडी धोट्याने त्याचा डावा डोळा नेला होता. "धोटा उडला का शेठ बगत न्हाय, नोकर बगत न्हाय," तो म्हणे. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या माझ्या छोट्या कारखान्यात तो जॉबर होता. बिघडलेले माग तोच दुरुस्त करी.

सुताला पिठाची खळ द्यावी तर त्यानेच. कपडा बोटाला कडक लागला की भिवंडीत खपतो, एवढेच आम्हाला ठाऊक. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास जालंधरचा एक व्यापारी कापलेला फुटबॉल घेऊन आला. चामड्याच्या आत कापडाचे थर चिकटवलेले होते. अशा थरांसाठी ताणले तरी न वाढणारा कपडा त्याला हवा होता. पांडूदादाने घट्ट विणला आणि हौसेने दुप्पट खळ दिली. मैदानात चेंडू भिजला, खळ विरघळली, थर सुटले.

"भाईसाहब, भोपळा बनवलात!" व्यापारी म्हणाला. "हमारे यहाँ गोंदवाला, सिलाईवाला, खेलनेवाला, सब एक गली में. चूक झाली की शेजारीच ओरडतो. इथे कुणी बॉलला लाथ तरी मारली का?"

त्याने पुन्हा एक संधी दिली. खळ नको, म्हणाला.

पांडूदादाचा चेहरा उतरला. बिनखळीचे सूत मागावर तुटते, तुटलेल्या धाग्यांत अडकून धोटा उडतो. कारागिरांना त्याने बाहेर काढले आणि स्वतः मागासमोर उभा राहिला. बटणावर माझा हात होता. धागा तुटे, तो जोडी, पुन्हा तुटे. कपडा मात्र हळूहळू उतरत होता.

मग धोटा सुटला. त्याच्या उजव्या कानाला चाटून भिंतीच्या गिलाव्यात घुसला. पांडूदादाने उरलेल्या डोळ्यावर तळवा दाबला. मी माग थांबवला, तेव्हा त्याने तो काढला.

"दिसतंय, शेठ. लावा परत. सूत जरा वल्लं करतो, मंग तुटायचं न्हाय."

मी माग पुन्हा लावला नाही आणि व्यापाऱ्याला नकार कळवला.

"भ्याला तुम्ही," कानाचे रक्त पुसत तो म्हणाला, "आन् डोला माझा!"

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तो कामावर आला नाही.

काही वर्षांनी भिवंडीजवळ राहनाळला एका गोदामाच्या फाटकावर त्यानेच मला लांबून हाक मारली; तो तिथे पहारेकरी होता. त्याला अजून दिसते आहे, या आनंदात मी बोलत सुटलो. त्याने चहा मागवला आणि कप रिकामे झाल्यावर विचारले.

"शेठ, खरं सांगा. वल्ल्या सुतावर झाला असता ना तो कपडा?"

खोटे बोलावेसे वाटले. जमले नाही.

"झाला असता, दादा."

"मंग बंद कशाला केलात?"

बाहेर ट्रक येऊन थांबला होता. पांडूदादा माझ्याकडे बघत राहिला. मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला, तेव्हा तो उठला आणि फाटक उघडायला गेला.