दुबईतली गवती चहाची जागा

आमची इव्हेंट कंपनी बंद झाली तेव्हा आम्हाला मीटिंग रूममध्ये बोलावून कॉफी दिली होती. ती कॉफी मी संपवली एवढंच मला त्या दिवसातलं नीट आठवतं. मॅनेजर काय बोलला ते कानावरून गेलं. मार्केट पडल्यापासून ऑर्डर येत नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आपली पाळी येईल असं मनापासून कुणालाच वाटलं नव्हतं.

तोवर आम्ही अल बर्शात, मोठ्या मॉलच्या जवळ राहत होतो. तिथलं भाडं दोन पगारांवर चालायचं, एकावर चालेना. शारजाला जावं असा विचार झाला, पण तिथून रोजचा रस्ता म्हणजे माझ्या नवऱ्याची सकाळ आणि संध्याकाळ गाडीतच जाणार. तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क या शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात एका फॅक्टरीत होता, पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या. मशिनं त्याच्या हाताखाली होती म्हणून त्याला ठेवलं होतं. फॅक्टरीच्या मागे स्टाफची बिल्डिंग होती आणि तिच्यातले बरेच फ्लॅट रिकामे झाले होते. त्यातला एक आम्हाला मिळाला. मॉल नाही, मैत्रिणी नाहीत, खिडकीतून दिसतात ते ट्रक. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिने घर बघितलं आणि विचारलं, "इज धिस टेम्पररी?" मी हो म्हणाले.

समोरच्या फ्लॅटमध्ये वसईचं एक ख्रिस्ती जोडपं होतं. आंटी त्याच फॅक्टरीत पर्चेसला होत्या, पन्नाशीच्या, उंच, मोठ्याने बोलणाऱ्या. अंकल एका मोठ्या हॉटेलात कित्येक वर्षं बारमध्ये होते. हॉटेलं ओस पडल्यावर त्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं होतं, परत बोलावू असं सांगून. ते दिवसभर टीव्हीसमोर बसलेले असत. टीव्हीचा आवाज बंद असायचा. दार उघडं असलं आणि मी जिन्यात दिसले तर मान हलवायचे, तेवढंच.

बिल्डिंग आणि फॅक्टरीच्या मध्ये कुंपण घातलेला एक मोठा रिकामा तुकडा होता. तिथे फॅक्टरीची दुसरी शेड होणार होती. पैसा आटला आणि काम थांबलं. वारा सुटला की तिथली धूळ सगळ्यांच्या घरात. शेवटी कॅम्प बॉसने, म्हणजे बिल्डिंगची व्यवस्था बघणाऱ्या मल्याळी माणसाने, त्यावर तोड काढली. चुन्याच्या रेघा मारून त्याने जागेचे वाफे पाडले आणि हवा त्याने एक घ्यावा, लावायचं ते लावावं असं सांगितलं. "गवत भी चलेगा," तो म्हणाला, "बस मिट्टी उडना नहीं चाहिए."

मी वाफा घेतला तो घरात बसून वेड लागेल म्हणून. शेजारचा आंटींनी घेतला. त्यांच्या माहेरी वसईला भाजीची वाडी होती, त्यामुळे त्या आल्या त्याच अधिकाराने. पहिल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला मेथी, माठ आणि मुळा पेरायला लावला. ओळी अशा पाडायच्या, बी एवढंच खोल, सगळं दाखवलं. काही उगवलं नाही. वाळूवर पांढरी साय धरली, चाखून पाहिली तर मीठ. आंटींना राग आला, जणू त्या जमिनीने त्यांचा अपमान केला होता. आमच्याकडे नुसतं बी सांडलं तरी उगवतं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या. मला भाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही.

मग आम्ही दोघी चुकत-माकत शिकलो. वाळू खणून बाहेर काढली आणि नर्सरीतून शेणखताच्या गोण्या आणल्या. फॅक्टरीतले भिजलेले पुठ्ठे खाली अंथरले. ही माझ्या नवऱ्याची कल्पना, आणि ती चांगली निघाली, कारण पुठ्ठा पाणी धरून ठेवायचा. एसीचं पाणी गोड असतं हे आंटींना सुचलं. बिल्डिंगभर एसीच्या नळ्यांखाली बादल्या लागल्या. आपली बादली कुणी रिकामी केली यावरून भांडणंही झाली. पण थंडी आली तेव्हा मेथी आली. पहिल्या जुडीची मी भाजी केली नाही. ती तशीच ओट्यावर ठेवली आणि दुपारभर येता-जाता तिच्याकडे बघत होते. नोकरी गेल्यापासून माझ्या हातून झालेलं असं काही डोळ्यांसमोर नव्हतं. संध्याकाळी नवरा आला, त्याने ती बघितली आणि म्हणाला, "अगं, आता खाऊया की."

पुदिना आणि गवती चहा मात्र वाजवीपेक्षा जास्त वाढला. सगळ्यांना वाटून झाला तरी उरला. एका दुपारी मी त्याचा भारा आंटींच्या घरी नेला. त्या ऑफिसात होत्या. अंकलनी दार उघडलं, भारा हातात घेतला आणि आत ठेवायला वळले. मग थांबले. गवती चहाची एक पात बोटांत चुरडून त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

इथलाच, कुंपणातला, असं मी सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने बाहेर आले ते ट्रे घेऊन. उंच ग्लास, बर्फ, लिंबाची पातळ चकती, कडेला पुदिन्याचं पान, खाली दुमडलेला कागदी रुमाल. ग्लास माझ्यासमोर ठेवताना ते किंचित वाकले. "मॅडम," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घोट घेतला तर गवती चहा, आलं, मध आणि मागून जराशी मिरी. संध्याकाळी आंटी ऑफिसातून आल्या तेव्हा हे मी त्यांना जिन्यातच सांगितलं. त्यांनी पिशवी तिथेच पायरीवर ठेवली आणि तशाच घरात गेल्या.

त्यानंतर अंकल रोज काहीतरी बनवू लागले. वाफ्यावर यायचे, हे तोडू का, ते तोडू का विचारायचे. गाजरं आली तर त्यांची मोहरी घातलेली, प्यायची आंबट कांजी केली, बरणी गच्चीत उन्हात ठेवली. आमच्या घरची कोकमं नेली. आमची मुलगी शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे जाऊन चव घ्यायची आणि गंभीरपणे निकाल द्यायची, "नीड्स मोअर सॉल्ट, अंकल." ते तिचं ऐकायचे.

नाताळ आला तेव्हा त्यांनी आल्याचं पेय करायचं ठरवलं, त्यांच्या आईची पद्धत. आलं, साखर, लिंबू, लवंगा आणि फसफसावं म्हणून चिमूटभर यीस्ट. ते त्यांनी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून बाल्कनीत ठेवलं. ऊन त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त होतं. शुक्रवारी दुपारी, लोक नमाजहून परतत असताना, एक बाटली फुटली. मग दुसरी. खालच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर सगळं सांडलं आणि जिनाभर आंबूस वास पसरला. वर दारू गाळतात, असं कुणीतरी बोललं. कॅम्प बॉस वर आला तेव्हा मी आंटींच्याच घरी होते.

तो आत येऊन खुर्चीवर बसला. आंटी, ज्यांचा आवाज एरवी तीन मजले ऐकू जायचा, उठून दार लावून आल्या. तिथे घरात दारू गाळणं म्हणजे थेट पोलिस, हे आम्हाला सांगायची गरज नव्हती. आंटींची नोकरी, दोघांचा व्हिसा, सगळं एका बाटलीवर आलं होतं. अंकलनी काही लपवलं नाही. आलं किती, साखर किती, यीस्ट किती, हे त्यांनी हिंदीत सरळ सांगितलं आणि उरलेल्या बाटल्या त्याच्यासमोर मोरीत ओतल्या.

कॅम्प बॉसने एक रिकामी बाटली उचलून तिचा वास घेतला. मग म्हणाला, "यीस्ट खलास. बाकी जो बनाना है बनाओ. नीचेवाले का कपडा धोके दो." आणि उठून गेला. त्याने ते पुढे कुठे सांगितलं नाही. कपडे मी आणि आंटींनी मिळून धुतले आणि खालच्या माणसाला मेथीची जुडीही दिली. अंकल पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसतील अशी मला भीती होती. दोन दिवस बसलेही. तिसऱ्या दिवशी आंटी त्यांना हाताला धरून वाफ्यावर घेऊन आल्या.

उन्हाळ्यात सगळं जळालं. सावलीच्या जाळीखाली, एसीच्या पाण्यावर गवती चहा तेवढा तगला. पुढचा रमजान भर ऑगस्टात आला. एक दिवस कॅम्प बॉस अंकलच्या दारात उभा. फॅक्टरीतले कामगार दिवसभर उन्हात रोजा धरतात आणि संध्याकाळी रंगीत पावडरचं सरबत पितात, असं तो म्हणाला. तुम्ही काही कराल का, असं त्याने विचारलं. अंकलनी समोरून मला बोलावलं आणि गवती चहा पुरेल का ते विचारलं. पुरेल, मी म्हणाले. मग आम्ही सगळ्यांनी मोठमोठ्या पातेल्यांत गवती चहा उकळला, लिंबं पिळली, माझ्या नवऱ्याने बर्फ आणला. मगरिबची, सूर्य मावळल्याची अजान झाली, खजूर तोंडात टाकून माणसं ग्लास उचलू लागली, आणि अंकल टेबलामागे शर्टाच्या बाह्या दुमडून उभे होते, मान वर न काढता ग्लास भरत होते. पहिला घोट घेऊन एका पठाण ड्रायव्हरने रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला. महिनाभर ते चाललं.

हॉटेलने त्यांना परत बोलावलं, पण बारमध्ये नाही. तिथे दुसरी, तरुण मुलं आली होती. खालच्या मजल्यावर कुटुंबांसाठी सरबतांचा काउंटर निघाला होता, तो घ्याल का असं विचारलं. पगार कमी होता. आंटींना ते लागलं, त्या दोन-चार दिवस चिडल्या होत्या. अंकल म्हणाले, "मला हेच जमतं आता." आणि गेले.

मलाही त्याच सुमारास एका शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळाली. आम्ही मात्र ते घर सोडलं नाही. अल बर्शाचं नाव मुलीनेही काढलं नाही.

काही वर्षांनी एका सकाळी कुंपणाशी पिवळी मशिनं उभी राहिली. थांबलेली शेड होणार होती. कॅम्प बॉस घरोघरी सांगत फिरला, जे आहे ते काढून घ्या. शुक्रवारी सगळी बिल्डिंग तिथे जमली. टोमॅटो, वांगी, हिरवे राहिलेले दुधी, ज्याला जे मिळेल ते. आंटी मोठमोठ्याने सूचना देत होत्या आणि मध्येच ओढणीने डोळे पुसत होत्या. मी एका कडेला उभी राहून मशिनचं तोंड पहिल्या वाफ्यात जाताना पाहिलं. माझी मुलगी, आता माझ्या खांद्याला लागलेली, माझ्याजवळ आली.

"इट्स ओके, आई," ती म्हणाली. "दे विल हायर पीपल नाऊ."

ते खरं होतं. नवीन शेडमध्ये माणसं घेतली गेली, ओस पडलेले फ्लॅट भरले, जिन्यात पुन्हा लहान मुलांच्या सायकली आडव्या येऊ लागल्या. त्या संध्याकाळी मात्र आम्ही गच्चीवर जमलो आणि उरलेली सगळी वांगी एकत्र भाजून भरीत केलं. अंकल ड्युटी संपवून हॉटेलच्या कपड्यांतच आले आणि जेवायला बसण्याआधी सगळ्यांना काय प्यायचं ते विचारत फिरले.