करवतीचं खालचं टोक

विलायतेतल्या डेव्हन परगण्यात कुणी अकलेत इतरांच्या वर निघाला की त्याला ‘वरचा करवत्या’ म्हणत. मग तो वकील असो की पाद्री, जन्मात करवत न धरलेला. हे बोलणं आलं लाकूड चिरायच्या खड्ड्यावरून. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा. एकाने त्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली उतरायचं. वरचा खडूच्या रेघेवर करवत चालवी, गिऱ्हाइकाशी बोले. खालचा ओढी आणि भुसा खाई. त्याच्या नावाने कौतुकाचं बोलणं कधी झालं नाही.

जेबेझ लस्कम एकोणीस वर्षं खाली होता. गाव त्याला ‘तळातला जेब’ म्हणे. वर सायलस एंडाकॉट.

दोन वर्षांपूर्वी सायलसची नजर अधू झाली. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. जेबला करवतीनेच सांगितलं. रेघ सुटली की ती हातात अडखळे. मग तो खालची मूठ जराशी पिळून तिला ताळ्यावर आणी. तोंड उघडलं असतं तर सायलसचं काम गेलं असतं. गप्प राहिल्याने आपण तळातच राहणार, हेही त्याला कळत होतं.

त्या मार्चात जेब आठवडाभर तापाने पडला. बदलीला आलेल्या गड्याबरोबर चिरलेल्या फळ्या वाकड्या निघाल्या. गाड्या बांधणाऱ्या टकेट सुताराने त्या गड्याला शिव्या घातल्या. जेब परतला तेव्हा टकेटचा ओकचा ओंडका खड्ड्यावर चढला होता आणि टकेट शेजारी उभा होता. हा बिघडला तर पुढचं सगळं काम दुसऱ्या जोडीला देणार, असं त्याने बजावलं.

जेब खड्ड्यात उतरायच्या शिडीकडे निघाला.

“वर चढ,” सायलस म्हणाला.

“मिस्त्री, सकाळी सकाळी चेष्टा नको.”

“चेष्टा कसली? मला रेघ दिसत नाही. तुला ठाऊक आहे. कधीपासून?”

दोन वर्षं झाली, असं जेबने सांगितलं.

“आणि चकार शब्द नाही. गाढव आहेस.”

टकेट हसला. बेडूक झाडावर बसवला म्हणून गाणार आहे का, असं त्याने विचारलं. सायलसने त्याला सरळ सांगितलं की वाकड्या फळ्यांत बदलीवाल्याचा दोष नव्हता. खाली जेब नव्हता, एवढंच. “आता खाली मी उतरतो. तिथे डोळे मिटूनच काम चालतं.”

वरचा नुसता उभा असतो, असं जेबला इतकी वर्षं वाटे. तासाभरात समजलं. ओढणं वेगळं, उचलणं वेगळं. करवतीचं वजन दर खेपेला कमरेत बसतं. पहिल्याच फुटात चीर नखभर सरकली. खालून मूठ वळेल म्हणून तो थांबला. वळली नाही. सायलसला ते येतच नव्हतं. जेबने चिरेत पाचर ठोकली, करवतीचे आखूड हात मारले आणि रेघ पुन्हा गाठली.

संध्याकाळपर्यंत तीन फळ्या निघाल्या. टकेटने पट्टी लावली, पहिल्या फुटावर खूण केली, रंध्याने निघेल म्हणाला, आणि पुढचा ओंडका सकाळी चढवा असं सांगून गेला.

जेब खड्ड्यात उतरला. सायलसच्या भुवया भुशाने पिवळ्या झाल्या होत्या.

“मिस्त्री, करवत अडखळली की मूठ पिळायची. अगदी थोडी.”

“थोडी म्हणजे किती?”

जेबने त्याच्या हातावर हात ठेवून किती ते दाखवलं.