वायंडिंगचाचा आणि दीड मिनिटाचं मौन

वायंडिंगचाचा जुनं नाटक कधीच बघायला गेले नाहीत. शेकडो प्रयोग झालेलं, टीव्हीवरचे चेहरे असलेलं एखादं नाटक बीडला आलं, सगळं केज गाड्या करून निघालं, तरी चाचा दुकानात तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसलेले असायचे. पण कुणीतरी नवं नाटक लिहिलंय, पहिलाच प्रयोग आहे आणि लिहिणाऱ्याला त्याच्या गल्लीबाहेर कुणी ओळखत नाही, एवढं कानावर आलं की शटर खाली ओढून चाचा बसस्टँडवर हजर. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळणं, म्हणजे वायंडिंग, हा त्यांचा धंदा. त्यामुळे खुलासाही त्याच भाषेत यायचा. "जुनं नाटक म्हंजे दुरुस्त झालेली मोटार, सर. पानी वडतेच. तिथं माझं काय काम? नव्याचा आवाज आईकावा लागतो. कुठं घासतंय, कुठं गरम होतंय, ते मालकालाबी माहीत नसतंय."

हे 'सर' म्हणजे मी. केजच्या कॉलेजात मराठी शिकवतो आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकात नाटकांवर लिहितो. आमच्याकडे वर्षाला आठदहा नवी नाटकं होतात आणि त्यांच्यावर लिहिणारा मी एकटाच. त्यामुळे मी जिल्ह्यातला सर्वांत मोठा समीक्षक होतो, आणि बारकाईनं पाहिलं तर सर्वांत लहानही. माझ्याकडे काही वाक्यं तयार असत. 'नाटककाराने वास्तवाचे अनेक पदर उलगडले आहेत', 'प्रकाशयोजना आशयाला पूरक'. नाटकाचं नाव आणि कलाकारांची यादी मिळाली की परीक्षण बसमध्येच उरकायचं. एकदा ज्या प्रयोगात ट्यूबलाइटखेरीज काही नव्हतं, त्याचीही प्रकाशयोजना मी आशयाला पूरक ठरवली होती.

चाचांची आणि माझी ओळख अशाच एका पहिल्या प्रयोगाला झाली. ते शेवटच्या रांगेत, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते. नव्या नाटककाराचा हा अपमान मला सहन झाला नाही. मी उठून मागे गेलो आणि त्यांच्या खांद्याला हलवून म्हणालो, काका, झोपायचं तर घरी झोपावं. त्यांनी एक डोळा उघडला. "झोपलो न्हाई. आईकतोय. डोळे उघडे ठेवले की निस्ते कपडे दिसत्यात." आणि डोळा मिटला. पुढे त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा पाहिलं, चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाशी धरायचे आणि असेच डोळे मिटून बसायचे. आतल्या बेअरिंगचं दुखणं त्यांना म्हणे तिथून कळे. मला मात्र त्या दिवशी नाटक सोडून त्यांचीच काळजी लागलेली; ते घोरतायत का, याकडे कान देऊन मी दुसरा अंक घालवला. परीक्षणात दुसरा अंक 'अधिक परिणामकारक' असल्याचं लिहिलं.

प्रयोग संपल्या संपल्या नाटकावर बोलायचं नाही, हा चाचांचा नेम होता. चहा प्यायचे, लिहिणाऱ्याला शोधून त्याचा हात हातात घ्यायचे आणि गावाकडची बस धरायचे. नाटकाचा निकाल लागायचा दुसऱ्या दिवशी, दुकानात. मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते काम करता करता नाटकाची गोष्ट सांगत. गिऱ्हाईक मोटारीचं विचारत राहिलं तर नाटक बसलेलं नाही. त्यानं 'मग?' असं विचारलं तर आशा आहे. नांदूरघाटचे एक पाव्हणे अशीच एक गोष्ट ऐकत दुपारपर्यंत बसले आणि मोटार दुकानातच विसरून गावी गेले. त्या नाटकाचं कौतुक चाचा वर्षभर करत होते. मी त्याच नाटकाला 'विस्कळीत' म्हटलं होतं.

अनिताच्या नाटकाची भानगड यानंतरची. अनिता शिरूर कासारची. डीएड होऊन घरी बसलेली. कॉलेजातल्या पाचसहा मुलांना जमवून तिनं पहिलंच नाटक लिहिलं आणि बसवलं. घरच्यांनी मुदत दिलेली: तुरी निघेपर्यंत काय करायचं ते कर, नाटकाचं काही जमलं तर बघू, नाहीतर पुण्याला मावशीकडे जाऊन नोकरी धर. बीडला पहिला प्रयोग, मग केजला, मग काय ते ठरणार. एका बाईचं लिहिणं राहतं की जातं, एवढा सगळा मामला त्या दोन प्रयोगांवर होता.

नाटक साधं होतं. रंगमंचावर एक बाज आणि त्या बाजेवर एक मोबाईल. घरातले आबा वारलेत, पण त्यांचा नंबर अजून चालू आहे आणि फोन येतच राहतात. आबांच्या थोरल्या बहिणीला, म्हाताऱ्या आक्काला, भाऊ गेल्याचं कुणी कळवलेलंच नाही. ती दर सोमवारी फोन करते आणि घरातले वाजू देतात. तिसऱ्या प्रवेशात शेवटी आबांचा मुलगा फोन उचलून कानाला लावतो.

बीडच्या प्रयोगात मुलानं फोन कानाला लावला आणि तो गप्प उभा राहिला. दहा सेकंद, वीस सेकंद, चांगली दीड मिनिटं. मग लाइटवाल्यानं कंटाळून अंधार केला. माझ्या अंगावर काटा आला. वहीत मी 'मौन' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. परीक्षणाचा मथळाच मुळी 'मौनाचं महानाट्य'. आजचा नाटककार शब्दांवरचा विश्वास गमावून बसला आहे, हे दीड मिनिट म्हणजे नव्या मराठी नाट्यलेखनाचा कळस आहे, आणि यात एक जरी शब्द असता तरी हा कळस ढासळला असता, असं मी ठोकून दिलं. तयार वाक्यांपैकी एकही न वापरता लिहिलेलं ते माझं पहिलं परीक्षण. त्याचा मला फार अभिमान वाटला. पेपर हातात पडताच मी तो घेऊन चाचांच्या दुकानात गेलो.

चाचांनी चष्मा लावून सगळं वाचलं. पेपरची घडी घातली. बराच वेळ हातातली तार सरळ करत राहिले.

"सर, लई मोठं लिहिलं तुमी. पन ते पोरगं इसरलं होतं."

मी हसलो. चाचा, म्हटलं, ते लेखिकेचं मौन आहे. चाचा म्हणाले, मौन कुठलं, लेखिका विंगेत उभी राहून तीनदा वाक्य सांगत होती, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू आलं. 'हां आक्का, मीच हाय,' असं त्या पोरानं म्हणायचं होतं. मेलेल्या बापाच्या आवाजात. "तेच तर नाटक हाय, सर. बाकी सगळी बाज आन मोबाईल."

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? अनिताला एक फोन. तिचा नंबर माझ्या खिशातच होता. चाचांनीही तेच सांगितलं, केजच्या प्रयोगाआधी पोरीला कळवा, नाहीतर ती तुमचं ऐकून बसेल. पण छापून आलेल्या शब्दाला माझ्या लेखी फार वजन होतं, विशेषतः तो माझा असला की. मी म्हणालो, कलाकृती निर्मात्याच्या हेतूपलीकडे जाते. चाचा म्हणाले, जात असंल, आणि मोटारीकडे वळले.

केजचा प्रयोग दुपारी होता. मी माझे चाळीस विद्यार्थी घेऊन पहिल्या रांगा भरल्या होत्या आणि तिसऱ्या प्रवेशात कुणी खोकायचं नाही अशी ताकीद दिली होती. मुलानं फोन कानाला लावला. गप्प राहिला. या वेळी विसरून नाही, ठरवून. चेहराही तसाच दगडी केलेला. अर्धं मिनिट लोकांनी सांभाळून घेतलं. मग मागून कुणीतरी आपुलकीनं म्हणालं, "हॅलो तरी म्हन की बे." दुसरा म्हणाला, "रेंज न्हाई वाटतं." हशा पिकला. माझ्या विद्यार्थ्यांनी तोंडावर रुमाल धरले.

इथपर्यंतही नाटक वाचलं असतं. पण मी उठलो. लोकांकडे तोंड करून, नाटक चालू असताना, हात वर करून मी सांगितलं की कृपया शांतता राखा, हे मौन आहे. त्यानंतरचा हशा काही थांबला नाही. एक म्हातारबा मला म्हणाले, मग तुमी कावून बोलता? पुढचा प्रवेश कुणाला ऐकू गेला नाही. विंगेत अनिता पाठमोरी उभी होती. पडदा पडल्यावर तिनं माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि म्हणाली की चूक तिचीच, तिला मौन लिहिता आलं नाही.

त्या वाक्यानं मला जे झालं ते लिहायला माझ्याकडे तयार वाक्य नाही.

रविवारी सकाळी चाचा माझ्या दारात. चला, म्हणाले, शिरूरला. बीडला बस बदलून आम्ही पोहोचलो तोवर ऊन डोक्यावर आलेलं. वाटेत मी तीन वेगवेगळ्या प्रस्तावना जुळवल्या होत्या. अनिताच्या अंगणात बसल्यावर पहिली सुरू केली, कलेत अपघाताचं स्थान वगैरे. चाचांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"सर, पोरीला येवढंच सांगा. कळलं होतं का न्हाई?"

मी म्हणालो, "नाही कळलं."

अनितानं विचारलं, "सर, मग ते वाक्य?"

"असायलाच पाहिजे होतं. मी ते ऐकलंच नव्हतं."

ती म्हणाली की ते वाक्य सुचलं म्हणून तिनं नाटक लिहिलं होतं. पेपर वाचून मुलांनी ते काढा असा हट्ट धरला आणि तिनं स्वतःच्या हातानं काढलं, कारण सर एवढे शिकलेले. मग डोळे पुसून तिनं मला वही दिली आणि हे लिहून द्या म्हणाली. मी लिहून दिलं. दैनिकानं ते आठव्या पानावर, गाय हरवल्याच्या निवेदनाखाली छापलं. मथळा मीच दिला होता: 'मला नाटक कळलं नव्हतं'. कॉलेजात आठवडाभर सगळे माझ्याशी फार प्रेमानं वागत होते.

तुरी अजून शेतातच होत्या. सिरसाळ्याच्या आडत बाजारात चाचांची गिऱ्हाइकं होती. मोटारी दुरुस्त करता करता त्यांनी आठ दिवसांत तिथल्या निम्म्या लोकांना नाटकाची गोष्ट सांगितली, तिसऱ्या प्रवेशापर्यंतच. पुढचं बघायला या, म्हणायचे. बाजार नसलेल्या एका दुपारी शेडमध्ये, पोत्यांच्या थप्पीपुढे, बाज मांडली गेली. लोक पोत्यांवर बसले. अनिताचे वडील आले होते, ते मात्र उभेच राहिले. चाचा खांबाला डोकं टेकून डोळे मिटून बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मीही मिटले.

फोन वाजला. थांबला. परत वाजला. मग तो मुलगा म्हणाला, "हां आक्का. मीच हाय." आणि पुढे, पावसाचं, म्हशीचं, औषध घेतेस का, असलं काहीबाही, बापाच्या सुरात.

शेडमध्ये माणसं होती की नाही कळेना. मी डोळे उघडले तेव्हा समोर बसलेल्या एका मेंढरवाल्यानं पटका तोंडाला लावला होता. मी भारावून चाचांच्या कानाशी लागलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आत्ता न्हाई, सर. तिला आईकू द्या." अनिता बाजूला उभी राहून ती शेडभरची शांतता ऐकत होती.

सामान आवरायची वेळ आली तेव्हा वडिलांनी बाजेची एक बाजू उचलली आणि टेम्पोत नीट, पाय न मोडता, चढवून दिली. पुण्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

चाचा गेल्या उन्हाळ्यात गेले. दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. मय्यतीला तिसऱ्या प्रवेशातला तो मुलगा होता, नांदूरघाटचे पाव्हणे होते, आणि गेल्या अनेक वर्षांत एकेक पहिला प्रयोग करून पुन्हा कधी न दिसलेले चारपाच नाटककार होते. ते एकमेकांना ओळखतही नव्हते. प्रत्येकाला वाटत होतं, चाचा फक्त आपल्याच नाटकाला आले होते.

अनिताचं दुसरं नाटक मागच्या महिन्यात बीडला झालं. मी शेवटच्या रांगेत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकांचा फोन आला, मजकूर अजून आला नाही म्हणून. मी म्हणालो, गुरुवारी परत प्रयोग आहे, तो बघून देतो. संपादक म्हणाले, अहो, पण तुम्ही काल पाहिलंत ना? पाहिलं, म्हटलं, पण मला अर्धंच कळलं.

वीस वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या त्या गप्प राहण्यात मी कसलाही अर्थ शोधला नाही.